बँकॉकच्या चौकातील ब्रह्मदेव

प्रश्न : मुलाकडे बँकॉकला गेलो असता भर बाजारपेठेत चतुर्मुख ब्रह्मदेवापुढे झेंडूच्या माळांचे ढीग आणि हात जोडून बसलेले तरुण पाहिले. आपल्याकडे ब्रह्मदेवाची पूजा क्वचितच आढळते. मग बौद्ध देशात ती एवढी कशी? हे देऊळ तेथील भारतीयांनी बांधले का? आपण तेथे पूजा करावी का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही, स्थलांतरित तमिळांनी बांधलेले देऊळ म्हणजे सिलोम रस्त्यावरचे मारिअम्मन मंदिर. आपण पाहिले ते एरावन देवस्थान एका हॉटेलामुळे उभे राहिले. सरकारी एरावन हॉटेलाच्या बांधकामात विघ्ने येऊ लागली, तेव्हा ज्योतिषाच्या सल्ल्याने 9 नोव्हेंबर 1956 रोजी तेथे ब्रह्मदेवाची प्रतिष्ठापना झाली. पुढे ते हॉटेल पाडून नवे बांधले गेले, पण देव जागेवरच राहिला. 2006 मध्ये मूर्ती फोडली गेली आणि 2015 च्या बॉम्बस्फोटात वीस माणसे मेली, तरीही गर्दी हटली नाही.

थायलंडमध्ये रूढ असलेल्या थेरवादी बौद्ध परंपरेत ब्रह्मा परका नाही. बुद्धाला धर्मोपदेशाची विनंती करणारा ब्रह्मा सहंपती याच परंपरेतला, आणि मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) व उपेक्षा (येथे अर्थ समभाव) यांचा संबंध चार मुखांशी जोडला जातो. शिवाय थायलंडच्या राजदरबारी ब्राह्मण पुरोहित आजही आहेत. त्यामुळे येथे हात जोडताना आपण बौद्ध धर्म सोडतो आहोत, असे तेथील माणसाला वाटत नाही.

या भक्तीचा गाभा मात्र नवस हा आहे, आणि तो सोलापूरकराला समजावून सांगण्याची गरज नाही. नोकरी, परीक्षा, लॉटरी, धंदा यांसाठी बोललेला नवस लाकडी हत्ती वाहून किंवा देवस्थानातील नर्तकींना ठरलेले पैसे देऊन फेडला जातो. भक्त मूर्तीपुढे गुडघे टेकून बसतो आणि त्याच्या वतीने पारंपरिक वेशातल्या नर्तकी नाचतात व गातात. जवळच्याच त्रिमूर्तीकडे तरुण मंडळी गुरुवारी लाल गुलाब घेऊन प्रेमासाठी साकडे घालतात. याला आपल्या पुराणांत आधार शोधू नये, तो मिळणार नाही. म्हणूनच हिंदू धर्म तेथे पसरतो आहे, असा अभिमानाचा निष्कर्ष आम्हाला घाईचा वाटतो.

आपण पूजा अवश्य करावी. समोरच्या मुखापासून आरंभ करून उजवीकडून प्रदक्षिणा घालत चारही मुखांपुढे उदबत्ती व माळ अर्पण करण्याची तेथील रीत आहे. नवस बोलायचा असेल, तर तो फेडण्यासाठी पुन्हा बँकॉकला जाता येईल का, याचा विचार आधी करावा.