ट्रान्स्फरचा अर्ज भरायच्या आधी हे वाच

अरे बाळा,

परवा आरती झाल्यावर जेवणाच्या रांगेत तुला कुणीतरी विचारलं, कुठे शिकतोस, आणि तू म्हणालास, "एलएच्या जवळ, एक कॅल स्टेट आहे." कॅल स्टेट म्हणजे कॅलिफोर्निया राज्याची सरकारी कॉलेजं, ती कितीतरी आहेत, पण तू फुलर्टनचं नाव घेतलंच नाहीस. मी तुझ्या मागेच उभा होतो. नंतर पार्किंगमध्ये तू मला म्हणालास की काका, एक सेमिस्टर झालं की ट्रान्स्फर मारतो, जिथे नाव आहे तिथे जातो, फुलर्टनचं नाव बघून रेझ्युमे कोण उघडणार. तेव्हा मी गप्प बसलो कारण आजूबाजूला लोक होते आणि मला राग आला होता, आणि रागात बोललेलं नंतर निस्तरत बसावं लागतं, म्हणून आता शांतपणे लिहितोय. म्हणजे प्रयत्न करतोय शांत राहायचा.

तू हुशार आहेस वगैरे मी लिहीत बसत नाही, ते आपल्याला माहीत आहे. मला एकच सांगायचंय. आहेस तिथे पाय रोव. बाकी पत्र आहे ते हे मी इतक्या हट्टाने का म्हणतो त्याबद्दल.

तू रोज 57 फ्रीवेवरून उतरून क्लासला जातोस, पार्किंगला जागा शोधत अर्धा तास घालवतोस, क्लास झाला की परत. कॉलेजच्या उत्तर टोकाला गुडविन फील्ड आहे तिकडे कधी फिरकलायस? फिरकला असशील असं वाटत नाही. तिथे चार वर्षं लिहिलेली आहेत, 1979, 1984, 1995, 2004. ही अमेरिकेच्या कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनची. टेक्सास, यूएससी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया), अर्कान्सा, ज्यांच्या नावाने तुझे मित्र टी-शर्ट घालून फिरतात त्या सगळ्यांना फायनलला हरवून आणलेली. आणि कुणी आणली, तर ज्या कॉलेजचं नाव सांगायला तुला कसंतरी होतं त्या कॉलेजने.

हे कॉलेज 1957 मध्ये स्थापन झालं, वर्ग भरायला 1959 उजाडलं. यूएससी, टेक्सास तेव्हा जुनी झालेली होती, त्यांच्या माजी विद्यार्थ्यांकडे पैसा होता. इथे काय होतं? 1962 मध्ये पोरांनी हत्तींची शर्यत भरवली, खरे हत्ती, दुसऱ्या कॉलेजांना आमंत्रणं पाठवून, हजारो लोक बघायला आले, आणि तेव्हापासून हत्ती ही या कॉलेजची खूण, त्याचं नाव टफी. सुरुवात अशी. मग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑगी गॅरिडो नावाचा तिशीतला कोच आला. 1975 मध्ये टीम पहिल्यांदा डिव्हिजन वनमध्ये खेळली. त्या आधीची पाच वर्षं, 1970 ते 1974, सलग पाच वेळा यूएससी चॅम्पियन होती, सलग पाच वेळा, विचार कर. तर पहिल्याच वर्षी या नवख्या पोरांनी रिजनलला, म्हणजे ओमाहाच्या आधीच्या फेरीत, यूएससीला बाहेर काढलं आणि ओमाहा गाठलं. ओमाहा म्हणजे नेब्रास्कातलं गाव, कॉलेज वर्ल्ड सिरीज 1950 पासून तिथेच होते, देशातल्या आठ टीम तिथे पोचतात, आणि कॉलेजच्या पोरांना "ओमाहा" एवढं म्हटलं तरी पुरतं. तिथे ते दोन्ही मॅच हरले आणि घरी आले. त्याचं काही नाही. पोचले होते.

1979 ला परत गेले. पहिलीच मॅच हरले. तिथला नियम असा की दोनदा हरलात की संपलं, म्हणजे आता एकही हरून चालणार नव्हतं, आणि ते एकही हरले नाहीत, फायनलला अर्कान्साला 2-1 ने हरवलं. 1984 ला टेक्सासला 3-1. आणि हे नीट वाच, आत्ता जे स्टेडियम आहे ते 1992 ला झालं. म्हणजे दोनदा देशात पहिले आले तेव्हा त्यांच्याकडे दाखवण्यासारखं मैदानसुद्धा नव्हतं. 1992 च्या सीझननंतर तर कॉलेजने फुटबॉल टीमच बंद केली. अमेरिकन कॉलेजने फुटबॉल बंद करणं म्हणजे काय ते तुला अजून कळायचंय. बेसबॉल राहिलं.

मी 1991 मध्ये इकडे आलो. ब्रेआमध्ये एका छोट्या फर्ममध्ये व्हॉल्व्हचं डिझाइन, खोली कॉलेजजवळ, गाडी जुनी, संध्याकाळी करायला काही नाही. क्रिकेट नव्हतं म्हणून बेसबॉल बघायला गेलो, एवढंच. काही कळायचं नाही. मग शेजारी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मेक्सिकन आजोबांनी मला बंट काय ते सांगितलं. बॅट्समन बॅट आडवी धरून चेंडू नुसता समोर टेकवतो, स्वतः आउट होतो, पण त्याच्यामुळे बेसवरचा माणूस एक बेस पुढे जातो. मला आधी वाटलं काय हा घाबरट खेळ. पण ऑगीची टीम तेच खेळायची, बंट टाक, रनर पुढे ने, समोरच्याला घाईत फेकायला लाव, त्याची चूक झाली की एक रन घे, मग पुढचा. मोठमोठे होमरन मारणारी पोरं मोठी कॉलेजं उचलायची. डिव्हिजन वनच्या बेसबॉल टीमला त्या काळात सगळ्या मिळून 11.7 स्कॉलरशिप द्यायची परवानगी होती, पूर्ण टीमला, ती तुकडे करून वाटायची, म्हणजे बहुतेकांना अर्धीमुर्धी. यांच्याकडे आजूबाजूच्या गावातली, ज्युनियर कॉलेजमधून (इकडे ते बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) आलेली पोरं. त्यांना जे जमेल त्याचाच खेळ ऑगीने बसवला. यूएससीसारखं खेळायचा प्रयत्न केला असता तर यूएससीने दर वेळी चोपलं असतं.

आता तुझ्या डोक्यात काय आलं असेल ते मला माहीत आहे. तू विचारणार, काका, ऑगी स्वतः गेला ना सोडून? हो, गेला. 1987 नंतर इलिनॉयला गेला, 1991 च्या सीझनला परत आला, 1995 ला तिसरं विजेतेपद दिलं, 57 जिंकले आणि फक्त 9 हरले, फायनलला यूएससीला 11-5. आणि 1996 नंतर टेक्सासला गेला, तिथे आणखी दोन विजेतेपदं, निवृत्त झाला तेव्हा 1,975 विजय, डिव्हिजन वनमध्ये तेव्हा कुणाचेच इतके नव्हते. पण अरे, तो कधी गेला बघ. दोन विजेतेपदं देऊन गेला, परत येऊन तिसरं देऊन गेला. तू एका सेमिस्टरमध्ये निघालायस. तू तर अजून बॅगसुद्धा नीट उघडली नाहीस. काम उभं करून पुढे जाणाऱ्याला मी कधी अडवणार नाही, पण काम सुरूच न करता निघणाऱ्याला मी अडवणार, तुझ्या बाबांनी मला तेवढा हक्क दिलाय असं मी धरून चालतो.

पाय रोव रे.

आणि ऑगी गेल्यावर काय झालं ते ऐक, कारण माझं सगळ्यात आवडतं वर्ष त्यानंतरचं आहे. जॉर्ज हॉर्टन कोच झाला. हा 1975 च्या त्या पहिल्या टीममध्ये ऑगीच्या हाताखाली खेळलेला. त्याआधी कुठे होता, तर सेरिटोस कॉलेजात, तू शनिवारी पायोनियर बुलेव्हार्डला वडापाव खायला आणि किराणा आणायला जातोस ना, तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. ज्युनियर कॉलेज. तर 2004 ला हॉर्टनच्या टीमची सुरुवात 15 विजय, 16 पराभव. अर्धा सीझन संपला आणि हरण्याचं पारडं जड. स्टँडमध्ये लोक बोलायचे की संपलं, आता कोच बदला. मीही वैतागलो होतो पण जात राहिलो. कॉलेजमध्येच केन रविझा नावाचे प्राध्यापक होते, खेळाडूंच्या मनावर काम करणारे, 1970 च्या दशकाच्या शेवटापासून ऑगीबरोबर काम केलेले. त्यांची एक युक्ती होती, डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेला टीम बसते तिथे, खेळण्यातलं छोटं कमोड ठेवायचं, चूक झाली की येऊन त्याचा फ्लश ओढायचा, चूक गेली, आता पुढचा चेंडू. मोठी मोठी पोरं ते करायची. आणि ती टीम फिरली. जिंकत जिंकत ओमाहा, फायनलला समोर कोण, तर टेक्सास आणि टेक्सासच्या डगआउटमध्ये ऑगी. गुरूसमोर शिष्य. पहिली मॅच 6-4, दुसरी 3-2, जेसन विंडसरने शेवटपर्यंत पिचिंग केलं, कर्ट सुझुकीच्या हिटवर जिंकवणारी रन आली. संपूर्ण सीझन 47 विजय, 22 पराभव. त्यातले 16 पराभव पहिल्या 31 मॅचमधले, हे विसरू नकोस.

मी ओमाहाला गेलो नव्हतो. त्या आठवड्यात एक ऑर्डर जायची होती आणि मी थांबलो. टीव्हीवर बघितलं. ती हळहळ अजून आहे, लपवत नाही.

तुला वाटेल या काकाला बेसबॉलचं वेड आहे आणि माझ्या करिअरशी याचा काय संबंध. संबंध आहे. मला 1998 मध्ये बे एरियातून ऑफर आली होती, मोठं नाव, पगार बराच जास्त, तुझ्या काकूच्या सगळ्या मैत्रिणी तिकडे. मी गेलो नाही. अजूनही कुठल्या लग्नात ते लोक भेटले की घरांच्या किमती निघतात आणि मग कुणीतरी माझ्याकडे दयेने बघतं, आणि मी दर वेळी तेच सांगतो, की आम्ही ज्या व्हॉल्व्हवर तेव्हा काम करत होतो ते डिझाइन माझं होतं, अर्धवट होतं, ते सोडून मी दुसऱ्याच्या डिझाइनचे स्क्रू मोजायला गेलो असतो. ते पुढे पूर्ण झालं, चाललं, आजही पाणीपुरवठ्याच्या लाइनीत बसतं. काकू म्हणते तू हे स्वतःलाच समजावतोस. असेल. पण मी ते खरं मानतो आणि परत तशी वेळ आली तर परत तेच करीन, घराच्या किमती काही का असेनात.

आणि नावाचंच म्हणतोस तर नावाचं सांगतो. 1992 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, अख्ख्या देशातून पहिला उचललेला खेळाडू फिल नेव्हिन, फुलर्टनचा. डेरेक जीटरचं नाव ऐकलंयस? तो त्या वर्षी सहावा होता. जीटर पुढे कितीतरी मोठा झाला, ते सोड, माझा मुद्दा एवढाच की उचलणाऱ्यांनी कॉलेजची पाटी बघितली नाही, पोरगा काय खेळतो ते बघितलं. टिम वॉलक, मार्क कॉट्से, सुझुकी, मॅट चॅपमन, सगळे इथलेच.

पण मला सगळ्यात जवळचा जस्टिन टर्नर. 2004 च्या त्या टीममधला. 2013 च्या शेवटी न्यूयॉर्क मेट्स या व्यावसायिक टीमने त्याला सोडून दिलं, वय 29, नोकरी नाही. 2014 च्या जानेवारीत फुलर्टनच्या माजी खेळाडूंची मॅच होती, दर वर्षीसारखी, पैशाची नाही, मजेची. हा गेला खेळायला. तिथे टिम वॉलक होता, 1979 च्या टीमचा, तेव्हा डॉजर्सचा, म्हणजे एलएच्या व्यावसायिक टीमचा, कोच. त्याने टर्नरला खेळताना बघितलं आणि डॉजर्सना सांगितलं, याला घ्या. मायनर लीगचा करार मिळाला, सगळ्यात खालची पायरी. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच टर्नरने प्लेऑफला शिकागोविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये होमरन मारून मॅच संपवली, 2020 ला डॉजर्स वर्ल्ड सिरीज जिंकले त्या टीमचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू तोच होता. आता सांग, ही ओळख कुठून आली? लिंक्डइनवरून नाही आली. टर्नरच्या पंचवीस वर्षं आधी त्याच कॉलेजकडून खेळून गेलेला माणूस तिथे उभा होता म्हणून आली. जिथे तू मनापासून राहिलास तिथलीच माणसं तुझ्यासाठी शब्द टाकतात. तू एका सेमिस्टरनंतर गेलास तर इथला कोण तुला ओळखणार, आणि तिथे तरी कोण?

सगळं गोड आहे असंही मी म्हणत नाही. 2017 नंतर टीम ओमाहाला पोचलेली नाही. 2017 धरून तोवर अठरा वेळा पोचली होती. 2021 मध्ये तर डिव्हिजन वनमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्या मॅच जास्त झाल्या. आता ट्रान्स्फर पोर्टल आलंय, खेळाडूला वर्षभर न थांबता दुसऱ्या कॉलेजात खेळता येतं, पैसेही मिळतात, म्हणजे इथे चांगला निघालेला पोरगा दुसऱ्या वर्षी मोठ्या कॉलेजच्या कपड्यात दिसतो. मी त्या पोरांना दोष देत नाही, घरची परिस्थिती असते. पण तुझी ती परिस्थिती नाहीये. तुला कुणी पैसे देऊन बोलवत नाहीये, उलट तू जास्त फी भरून जाणार आहेस, तेही बाबांच्या कर्जावर, फक्त एका नावासाठी. याचा मला राग येतो. बाबांचं कर्ज हे तुझ्या लाजेवरचा इलाज नाही.

तू मला त्या प्रोफेसरांबद्दल सांगितलं होतंस, भूकंपाच्या सेन्सरच्या डेटावर काम करणाऱ्या, ज्यांच्याकडे एक जागा आहे पण तू विचारलं नाहीस कारण तसंही जायचंय. ते काम ऐकताना तुझा आवाज बदलला होता, माझ्या लक्षात आलं. कॅलिफोर्नियात बसून भूकंपाच्या डेटावर काम करायला मिळतंय आणि तू दुसऱ्या कॉलेजांच्या वेबसाइट चाळतोयस. बंट टाक ना आधी. एक छोटं काम माग, त्यांचा डेटा साफ करायचं असेल तर ते माग, कुणाला नको असतं ते.

सोमवारी जा त्यांच्याकडे. ईमेल नको, ईमेल वाचत नाहीत ते लोक, ऑफिस अवर्समध्ये दारात जाऊन उभा राहा. नाही म्हणाले तर पुढच्या सोमवारी परत जा. आणि फेब्रुवारीच्या मध्यात सीझन सुरू होतो, शुक्रवारी संध्याकाळची मॅच असते, तिकीट मी काढतो, जॅकेट आण, सूर्य गेला की तिथे गार वारा सुटतो.

तुझा,
काका