पेटंट ट्रोल : संबंध नसलेला समंध

प्रश्न आलाय की पेटंट ट्रोल म्हणजे पेटंटवाल्यांना ऑनलाइन ट्रोल करणारे का, 'ट्रोल' लिहायचं की 'ट्रॉल', आणि मराठीत 'पेटंट-भैरव' चालेल का. पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. लोक सर्रास 'पेटंट चोरणारे ट्रोल' म्हणतात तेव्हा तर डोकंच फिरतं. अहो चोरी कुठली, पेटंट त्यांचंच असतं, बऱ्याचदा बुडालेल्या कंपनीकडून रीतसर विकत घेतलेलं. त्यातून ते स्वतः काहीच बनवत नाहीत, दुसऱ्याने बनवून विकायला घेतलं की 'पेटंट आमचं, पैसे द्या' अशी नोटीस धाडतात, एवढंच.

ऑनलाइनवाला ट्रोल मुळात गळाचा. होडी चालू ठेवून आमिष लावलेला गळ मागे ओढत न्यायचा, ते ट्रोलिंग. पेटंटवाला मात्र नॉर्वेच्या लोककथांमधला राक्षस, पुलाखाली दबा धरून बसणारा. हा शब्द गाजवला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचे वकील पीटर डेटकिन यांनी. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी समोरच्या पार्टीला पेटंटचे खंडणीखोर म्हटलं तर उलट अब्रुनुकसानीचाच दावा आला, मग कोर्टात न अडकवणारी शिवी शोधावी लागली! गंमत म्हणजे हेच डेटकिन पुढे पेटंटं विकत घेऊन जमवणाऱ्या इंटेलेक्च्युअल व्हेंचर्समध्ये गेले आणि टीकाकार त्या कंपनीलाच ट्रोल म्हणतात.

इथे काही जाणकार छातीठोकपणे सांगतात की लोककथेतला ट्रोल पुलावर टोल मागायचा. ट्रोलच्या पुलावरून जाणाऱ्या तीन बोकडांची ती नॉर्वेची गोष्ट नीट वाचलीये का यांनी? त्यात तो पैसा मागतच नाही, सरळ 'खातो तुला' म्हणतो. टोल नंतर चिकटलाय.

लोक पैसे का देतात तर अमेरिकेत पेटंटची केस शेवटपर्यंत लढायची म्हणजे लाखो डॉलर जातात आणि ट्रोल त्याहून कमी मागतो. बरं उलटा दावा ठोकावा तर तो काही बनवतच नाही, मग पकडणार कशात? एका कंपनीने तर कागद स्कॅन करून ईमेल करणाऱ्या छोट्या छोट्या ऑफिसांना पत्रं पाठवली, दर कर्मचाऱ्यामागे हजारेक डॉलर द्या म्हणून. २०१३ मध्ये व्हरमाँट राज्याने तिला कोर्टात खेचलं. ब्लॅकबेरी फोनवाल्यांनी २००६ मध्ये अशाच एका पेटंटवाल्या कंपनीला ६१.२५ कोटी डॉलर देऊन सुटका करून घेतली आणि तिकडे पेटंट ऑफिस तीच पेटंटं फेरतपासणीत नाकारत होतं! हा पैसा नव्या फोनवर खर्च झाला असता.

आता मराठी शब्द. कुणी म्हणतं 'धनावरचा भुजंग'. मला नाही पटत, भुजंग कुणाला नोटीस पाठवत नाही आणि तडजोडही करत नाही. भैरवापेक्षा माझा शब्द समंध. पुरलेल्या धनावर बसतो, ते धन त्याने मिळवलेलं असेलच असं नाही, स्वतःला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण तुम्ही कुदळ मारली की आडवा येतो, आणि नारळ दिला, मान दिला की वाट सोडतो. हुबेहूब! आणि मजा पुढेच आहे, समंध हा 'संबंध'चाच अपभ्रंश, मेल्यावरही ज्याचा संबंध सुटत नाही तो. इथे तर कंपनी मेलीये, तिचं पेटंट मागे राहून लोकांना धरतंय. आमचे एक व्याकरणवाले मित्र याला ओढाताण म्हणतात, म्हणोत बापडे.

आपल्याकडे हे भूत फार माजलं नाही, कारण १९७० च्या कायद्यात पेटंट वापरात आहे की नाही ते सरकारला कळवावं लागतं, आणि पेटंट मिळून तीन वर्षं झाली की दुसरा कुणी सक्तीचा परवाना, म्हणजे मालकाच्या मर्जीविना ते वापरायची परवानगी, मागू शकतो. नुसतं धनावर बसून राहायची सोय जरा कमीच.

हां, आणि 'ट्रोल'च लिहा. ट्रॉलर मासेमारीचा, तो रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर उभा असतो.