पाय कुठं ठेवायचा?

प्रश्न : ताई, मी खानापूरचा, वय ६४. ३१ वर्षं क्लचची गाडी चालवली, चोर्ल्यातून गोव्याला कितीदा गेलो, गाडीला ओरखडा नाही. दिवाळीत मुलानं पुण्याहून इलेक्ट्रिक गाडी आणून दिली. गेल्या महिन्यात अंगणात गाडी लावताना ब्रेक दाबला, तर ती थांबायच्या ऐवजी उसळली. मी आणखी जोरात ब्रेक दाबला. तुळशीकट्टा फोडून ती चिऱ्याच्या कंपाउंडवर आदळली. सौ. दोनच मिनिटांपूर्वी तुळशीला पाणी घालून आत गेली होती. शोरूमवाले म्हणतात, गाडीतल्या नोंदीत एक्सलेटर पूर्ण दाबलेला दिसतो. मुलगा म्हणतो, आता चालवूच नका. ब्रेक आणि एक्सलेटर इतके जवळ ठेवतात तरी कशाला? दोष गाडीचा की माझा?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : काका, वाचताना अंगावर काटा आला. काकू आत गेल्या होत्या, देवाची कृपा.

“मी आणखी जोरात ब्रेक दाबला” असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते सगळं तिथंच आहे. पाय एक्सलेटरवर होता आणि मनाला तो ब्रेक वाटत होता. गाडी पळाली की वाटतं ब्रेक कमी पडला, म्हणून पाय आहे तिथंच आणखी दाबला जातो. टिळकवाडीत २२ वर्षं गाडी शिकवताना शेजारच्या सीटवरून हे मी कितीदा बघितलंय. विशीतली पोरंसुद्धा खाली उतरून शपथेवर सांगतात, “ताई, मी ब्रेकच दाबलो की हो!” ती खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं वाटलेलं असतं.

हे जगभर घडलेलं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी गाड्या आपोआप उसळतात अशा तक्रारींचा पूर आला होता. १९८९ च्या सरकारी अहवालात मुख्य कारण निघालं ते चुकीच्या पेडलवर पडलेला पाय. आज ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय गेअर ‘पी’मधून (पार्किंगमधून) निघत नाही, ही सोय त्याच प्रकरणानंतर सगळीकडे पसरली. जपानमध्ये २०१९ साली टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या अशाच चुकीनं एक आई आणि तिची लहान मुलगी गेली. तिथं आता सप्टेंबर २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत अशी चूक ओळखून गाडीचा जोर रोखणारी यंत्रणा सक्तीची होते आहे. म्हणजे ही चूक माणसाकडून होणारच, असं धरून गाडी बनवायला हवी, हे तिथल्या सरकारनं मान्य केलं. आपल्याकडेही ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पेडल जवळ असतात ती टाच न उचलता पाय चटकन फिरावा म्हणून. ताशी ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. पाय पोचायला अर्धा सेकंद जास्त लागला तर आठ मीटर गेले. तुमच्या जुन्या गाडीतही उजवीकडे एक्सलेटर, त्याच्या डावीकडे थोडा उंच ब्रेक, असंच होतं. बदललंय ते वेगळंच. क्लच गेला.

घाबरलं की माणूस दोन्ही पाय एकदम दाबतो. जुन्या गाडीत उजवा पाय चुकला तरी डाव्यानं क्लच दाबलेला असायचा. इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकांपर्यंत जोर पोचायचा नाही, आणि त्या आवाजानंच चूक कळायची. ३१ वर्षं क्लचनं तुम्हाला असं किती वेळा सांभाळून घेतलं असेल, तुम्हालाही माहीत नाही. इलेक्ट्रिक गाडीत आवाज नाही, आणि मोटर जागेवरूनच पूर्ण जोर लावते.

दुसरं कारण मला स्वतःच्या गाडीत सापडलं. माझ्या बुटाच्या टाचेला फळ्यावरचा खडू घासला, काळी मॅट पुसून घेतली आणि टिळकवाडीतून हिंडलग्यापर्यंत जाऊन आले. एक्सलेटरवरून पाय उचलला की गाडी ब्रेक लावल्यासारखी जोरात आवळते ती सोय (रीजन म्हणतात ती) सर्वात वर ठेवली होती. परत येऊन बघते तर मॅटवर एकच पांढरा ठिपका, एक्सलेटरसमोर. गल्लीतल्या गर्दीतसुद्धा टाच तिथून हललीच नव्हती. दुसऱ्या दिवशी रीजन सर्वात खाली ठेवून त्याच रस्त्यानं गेले. या खेपेला ठिपका ब्रेकसमोर आणि तिथून उजवीकडे पंख्यासारखे फराटे. काका, माझी टाच दिवसभर एक्सलेटरसमोर मुक्कामाला असेल, तर घाबरल्यावर पाय दुसरीकडे कशाला जाईल?

म्हणून निदान तीन महिने रीजन सर्वात कमी ठेवा. सीट अशी घ्या की ब्रेक तळाला गेला तरी गुडघा थोडा वाकलेलाच राहील. टाच ब्रेकसमोर टेकवा आणि एक्सलेटरला फक्त पंजा वळवा. डावा पाय डावीकडच्या पट्टीवर गप्प राहू दे. त्यानं ब्रेक मारायला जाऊ नका, त्याला क्लचसारखं एकदम दाबायचीच सवय आहे. चप्पल काढून बाजूला ठेवायची, पण पायाशी नाही. पाण्याची बाटलीसुद्धा नको. अंगणात ब्रेक सैल सोडला की गाडी आपोआप हळू सरकेल, ती सोय सेटिंगमध्ये चालू करून घ्या. मग लावताना एक्सलेटरला शिवायची गरजच नाही. रिव्हर्स घेताना अंग मागं वळलं की पायही जागा सोडतो, तेव्हा आधी टाच ब्रेकसमोर आहे का बघून घ्या आणि नुसती मान वळवा.

आणि हे रोज सकाळी गाडी बंद ठेवून वीस वेळा करा : “पळाली” म्हणायचं आणि पाय आधी पूर्ण वर उचलायचा, मग ब्रेक. गाडी अनपेक्षित उसळली की आधी उचला. दाबायचं नंतर.

मुलाला म्हणावं, किल्ली काढून घेण्याआधी चार रविवार शेजारी बसून तुमच्या पायाकडे बघ. मात्र साखरेमुळे तळव्याला बधिरपणा असेल, पेडल पायाला नीट जाणवत नसेल, तर आधी डॉक्टर. तोवर स्टिअरिंगला हात लावू नका.

प्रश्न : आंबोलीत मुक्कामाला गाडी रात्रभर चार्ज केली. सकाळी सावंतवाडीकडे घाट उतरताना पाय उचलूनही ती आवळेना. बिघाड असेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : बिघाड वाटत नाही. पाय उचलल्यावर गाडी आवळते, कारण मोटर वीज तयार करून बॅटरीत ढकलते. बॅटरी काठोकाठ भरलेली असली की ती वीज जायला जागा नसते, म्हणून गाडी मोकळी सुटते. ब्रेक पेडल तेव्हाही काम करतं, पण पाय तिथं न्यायची सवय मोडलेली असली तर पहिल्या वळणालाच घाबरगुंडी उडते. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा, आणि निघाल्यावर पहिल्या उताराच्या आधीच सपाटीवर एकदा ब्रेक दाबून बघा.