'जातीवाचक' म्हणजे नेमकं काय? सिकलसेलच्या शिबिरातला वाद

ताई, तुमचा प्रश्न असा की गावात सिकलसेलची (रक्तातल्या हिमोग्लोबिनचा, आईबापाकडून येणारा आजार) तपासणी होती, सिस्टर बोलल्या "हा आजार गोंड, माडिया, परधान आणि बौद्ध समाजात जास्त सापडते, रक्त तपासून घ्या", तर मागून एक भाऊ उठले की मॅडम, जातीवाचक बोलू नका, आणि अर्धी मंडळी निघून गेली. तर ते बोलणं जातीवाचक होतं का?

निव्वळ शब्दार्थ पाहाल तर हो. 'वाचक' म्हणजे दाखवणारा, संख्यावाचक, भाववाचक हे शाळेत घोकलंच असन, आणि हिंदीच्या तासाला 'जातिवाचक संज्ञा' होती त्यात गाय, नदी, डोंगर यायचे, कोणाची जात काढायचा प्रश्नच नव्हता. (तत्सम म्हणून ति ऱ्हस्व लिहायला पाहिजे, पण टाइप सगळेच दीर्घ करतात, मीबी करतो.) मग हा शब्द बाटला कुठं? पेपरात. १९८९ चा अट्रॉसिटी कायदा आला, लोकांसमोर जातीच्या नावानं शिवी देणं त्यात गुन्हा आहे, आणि बातम्यांत "जातिवाचक शिवीगाळ" ही जोडी कायमची होऊन बसली. बोलता बोलता शिवीगाळ गळाली पण तिचा डाग मागच्या शब्दावर राहिला, आता नुसतं जातीचं नाव निघालं तरी जातीवाचक. म्हणून तर आपल्या इकडे कोणी जात विचारत नाही, "तुमचा समाज कोणता?" विचारते, आणि त्याहून भित्रा असला तर "ते लोकं" म्हणून डोळ्यानंच खुणावते.

या भित्रेपणाचा तोटा होते, आणि होते तो त्याच समाजाचा. वाहकाला, म्हणजे ज्याला हा गुण आईबापापैकी एकाकडूनच आला त्याला, स्वतःला बहुधा काही त्रासच नसते, तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि नवराबायको दोघंही वाहक निघाले तर दर बाळंतपणात बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळते म्हणून मलेरियाच्या मुलखात हा गुण टिकला, आणि सोयरीक जातीतच करायची आपली रीत, त्यामुळे तो तिथल्या तिथंच फिरत राहिला. आता हे नाव न घेता सांगायचं कसं? "काही लोकांमध्ये आढळतो" म्हटलं की बसलेला प्रत्येक जण समजते, ते काही लोक म्हणजे शेजारचे.

पण त्या भाऊंना येडं ठरवू नका. "या जातीत हे असतेच" हे वाक्य लोकांनी लय भोगलं आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा काढला, पुढे पारध्यांसारख्या जमाती त्यात टाकल्या, पाळण्यातलं लेकरूही गुन्हेगार, आणि हे सगळं सरकारी कागदावर, आम्ही तर खरं तेच सांगून राहिलो अशा थाटात. १९५२ मध्ये तो कायदा गेला, तरी चोरी झाली की गावाचं बोट अजून पारधी बेड्याकडेच, म्हणजे त्यांच्या वस्तीकडेच, जाते. हिमोग्लोबिन मशीनवर मोजता येते, स्वभाव काय मोजता? मला तरी इथंच रेघ मारावी वाटते, जातीचं नाव घेतलं का न घेतलं यावर नाही.

वापराचं म्हणाल तर आकड्यांसाठी 'जातनिहाय' बरा. २०२५ मध्ये केंद्रानं जातनिहाय जनगणना ठरवली तेव्हा त्यावर वाद लय झाले, पण शब्दाला कोणी जातीवाचक म्हटलं नाही. आकस असन तर सरळ 'जातीयवादी' म्हणा, आणि 'जातीवाचक' शिवीसाठीच राहू द्या, आता तो तिकडून परत येत नाही.

सिस्टरच्या वाक्यात मला कमी वाटली ती एवढीच, की ओबीसींतही पेशंट आहेत हे राहिलं, आणि जास्त सापडते म्हणजे सगळ्यांना असते असं नाही हेही राहिलं. हे दोन जोडून पुढच्या शिबिरात नावं बिनधास्त घ्यायला सांगा. रिपोर्ट मात्र ज्याचा त्याच्या हातात, मोठ्यानं वाचायचा नाही, कारण पोरगी वाहक आहे हे गावाला कळलं की तिची सोयरीक अडते, आणि मुलगा वाहक असला तर त्याला कोणी विचारतही नाही.