वाचक विचारतात : कॉलेजचं नाव बघू की विषय?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल आले, की या सदराच्या इनबॉक्समध्ये दुसरं काही येतच नाही. यावेळी ठाणे-नवी मुंबईतली चार पत्रं घेतलीयत. प्रत्येकाला हवंय एवढंच की अमुक कॉलेज मोठं की तमुक. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : ताई, मुलीला बारावी सायन्सला ८६ टक्के आहेत. इंजिनिअरिंग तिला नकोच आहे. फिजिक्स मनापासून आवडतं पण मधेच इकॉनॉमिक्सचे व्हिडिओ बघत बसते, सायकॉलॉजीपण करायचीय म्हणते. आमच्या वन्सं म्हणतात झेवियर्स नाहीतर रुईया, ठाण्यातली कॉलेजं म्हणजे टाइमपास. मिस्टर म्हणतात बांदोडकर जवळ आहे, तिथेच घाल. यातलं खरं मोठं कोणतं? – एक आई, घोडबंदर रोड

उत्तर : वन्संचं अगदीच चूक नाहीये हो. झेवियर्स १८६९ चं, रुईया १९३७ चं, आपलं बांदोडकर त्या मानाने कालपरवाचं. जुन्या कॉलेजचं नाव आधी चांगल्या शिक्षकांमुळे होतं, मग नाव झालं म्हणून हुशार पोरं येतात, ती आली म्हणून कटऑफ चढतो आणि कटऑफ चढला म्हणून पुढच्या वर्षी अजून हुशार पोरं येतात. हे चक्र एकदा फिरायला लागलं की मधल्या काळात एखादं डिपार्टमेंट ढेपाळलं तरी बाहेरच्याला वीस वर्षं पत्ता लागत नाही. त्यामुळे कॉलेजचं नाव ऐकताना ते कुठल्या डिपार्टमेंटने कमावलंय हे विचारायचं. तुमच्या मुलीला तीन वर्षं, आणि ऑनर्स केलं तर चार, फिजिक्सच्या चार-पाच मॅडम-सर शिकवणार आहेत, अख्खं कॉलेज नाही.

आता पदवीचं बघू. ही तिन्ही कॉलेजं ऑटोनॉमस आहेत, म्हणजे सिलॅबस आणि परीक्षा ज्याची त्याची, पण पदवी तिन्हीकडे मुंबई विद्यापीठाचीच मिळते. म्हणून उगाच वातावरण कसंय वगैरे विचारत बसण्यापेक्षा तिघांच्या वेबसाइटवरून बीएस्सी फिजिक्सचा सिलॅबस काढा आणि मुलीलाच शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा. दुपारभराचं काम आहे, आणि वन्संपेक्षा जास्त माहिती मिळेल (हे त्यांना दाखवू नका).

तिला तीन विषय आवडतात ही मला अडचण वाटत नाही, सतराव्या वर्षी आवडायलाच हवेत. पण मग नावापेक्षा त्या कॉलेजात विषयांची रुंदी किती हे महत्त्वाचं ठरतं. आणि रुंदी म्हणजे प्रॉस्पेक्टसमध्ये किती कोर्स छापलेत ते नाही, त्यातलं तुमच्या मुलीच्या हाताला काय लागतं ते. चेंदणी बंदर रोडचं ज्ञानद्वीप बघा, एकाच आवारात खाडीकाठी सायन्सचं बांदोडकर आहे, आर्ट्स-कॉमर्सचं जोशी-बेडेकर आहे, लॉ आहे, पॉलिटेक्निक आहे, मॅनेजमेंट आहे. वैविध्य भरपूर आहे. पण ती सगळी वेगवेगळी कॉलेजं आहेत, प्रत्येकाचं ऑफिस वेगळं, परीक्षा वेगळ्या. तेव्हा फिजिक्सवाल्या मुलीला शंभर पावलांवरच्या इमारतीतला इकॉनॉमिक्सचा पेपर मिळतो का, हे त्यांनाच विचारावं लागेल. रुईया आणि झेवियर्स मुळातच आर्ट्स-सायन्स एकत्र असलेली, त्यामुळे तिथे हे दोन्ही विभाग निदान एका प्राचार्यांच्या हाताखाली आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय, आलंय, आणि ओपन इलेक्टिव्ह तर दुसऱ्या शाखेतलाच घ्यायचा असतो. ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात कॉलेज एक बास्केट देतं आणि त्यात शिक्षक उपलब्ध असतील तेवढेच विषय असतात, म्हणजे इकॉनॉमिक्स हवं असतं आणि पदरात पडतं भलतंच काहीतरी. म्हणून ऑफिसच्या खिडकीवर जाऊन सरळ विचारा की फिजिक्स मेजरला मायनर कोणकोणते, गेल्या वर्षी इकॉनॉमिक्स किंवा सायकॉलॉजी प्रत्यक्षात चालवलं का, आणि तो तास प्रॅक्टिकलवर आदळतो का. "हो हो, सगळं आहे" असं उत्तर आलं तर टाइमटेबल दाखवा म्हणा.

अजून एक गोष्ट घरी नीट समजावून सांगा. बारावी सायन्सवरून उद्या बीए इकॉनॉमिक्सला जाता येतं, पण बीए घेतल्यावर परत बीएस्सी फिजिक्सला येणं जवळपास अशक्य. म्हणजे बंद होणारं दार फिजिक्सचं आहे, तर आधी तेच उघडं ठेवावं. गणित पक्कं असलेली फिजिक्सची मुलं पुढे इकॉनॉमिक्सच्या मास्टर्सला जातात, त्यात नवल काही नाही. सायकॉलॉजीचं मात्र मायनरवर भागत नाही, काउन्सेलर व्हायचंच असेल तर मेजर तेच हवं, हा निर्णय तिला आत्ताच घ्यावा लागेल.

आणि रोजचा प्रवास! रुईयाला जायचं तर माटुंग्याला फास्ट लोकल थांबत नाही, ठाण्याहून स्लो धरायची नाहीतर दादरला उतरून उलटं यायचं. झेवियर्सला सीएसएमटीपर्यंत फास्टने पाऊण-एक तास. त्याच्या आधी घोडबंदर ते ठाणे स्टेशन, त्यावर मी काय बोलू, तुम्ही रोज बघताय. संध्याकाळी प्रॅक्टिकल संपवून घरी येणारी मुलगी त्यानंतर लायब्ररीत थांबेल का? मोठ्या कॉलेजचा निम्मा फायदा चारनंतरच्या गोष्टींत असतो, सेमिनार, क्लब, नुसत्या गप्पा. ती रोज चार वाजता बॅग उचलून पळणार असेल तर नावाची फी भरून फक्त लेक्चरच घरी येतंय.

मला विचाराल तर, मायनर मिळत असेल आणि मुलगी प्रवासाला तयार असेल तर रुईया. नाहीतर बांदोडकर, बिनदिक्कत. जाता जाता, कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या आवारात मूलभूत विज्ञानाचं एक केंद्र आहे, सीईबीएस म्हणतात, विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाने मिळून २००७ मध्ये सुरू केलेलं. पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी, प्रवेश नेस्ट परीक्षेतून. ठाण्यातल्या पालकांना हे नाव क्वचितच ठाऊक असतं. पण ते फिजिक्सचं पक्कं ठरलेल्यांसाठी, तुमच्या मुलीचं अजून ठरलेलं नाही.

प्रश्न : मी नेरुळला राहतो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. कॅपमधून (सरकारी प्रवेश फेऱ्यांतून) नवी मुंबईतलं एखादं मुंबई विद्यापीठाचं कॉलेज मिळेल असं दिसतंय. बाबा म्हणतात डीम्ड युनिव्हर्सिटी घे, तिथे मेडिकल, लॉ, मॅनेजमेंट सगळं आहे, युनिव्हर्सिटी म्हणजे कॉलेजपेक्षा मोठीच ना. नॅकचा ग्रेडपण भारी आहे. काय करू?

उत्तर : बाबांचं लॉजिक समजलं, पण ते इथे लागू पडत नाही. डीम्ड म्हणजे यूजीसी कायदा १९५६ च्या कलम ३ खाली विद्यापीठासारखा दर्जा मिळालेली संस्था. सिलॅबस स्वतःचा, पदवीवर नाव स्वतःचं. यात लहान-मोठं असं काही नाही, ती फक्त व्यवस्था वेगळी. नेरुळचं रामराव आदिक इंजिनिअरिंग कॉलेज बघ, आधी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होतं, आता डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात आहे. तेवढ्याने ते रातोरात मोठं झालं असंही नाही आणि लहान झालं असंही नाही.

मेडिकल आणि लॉ त्याच कॅम्पसवर असल्याचा कॉम्प्युटरवाल्याला काय उपयोग होतो तेवढं सांग मला. होऊ शकतो, म्हणजे हॉस्पिटलच्या डेटावर प्रोजेक्ट करायला मिळत असेल, मॅनेजमेंटचा पेपर क्रेडिटला धरत असतील, तर ती रुंदी खरी. नाहीतर एप्रन घातलेली पोरं कँटीनमध्ये दिसतील, बस. आणि उलट बाजूने बघ, माटुंग्याचं आयसीटी, आपल्या आधीची पिढी अजून यूडीसीटी म्हणते ते, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचं एक डिपार्टमेंट म्हणून सुरू झालं, २००८ मध्ये डीम्ड झालं, आणि विषय जवळपास एकच, केमिकल टेक्नॉलॉजी. रघुनाथ माशेलकर तिथलेच. एवढ्या अरुंद संस्थेला कोणी छोटी म्हणून दाखवा! शेजारचं व्हीजेटीआय १८८७ चं, तिथेही टेक्निकल सोडून दुसरं काही नाही. म्हणजे रुंदी आणि प्रतिष्ठा एकमेकींचा हात धरून चालतातच असं नाही.

आता नॅक, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांना ग्रेड देणारी संस्था. ए प्लस प्लस म्हणजे चारपैकी ३.५१ किंवा वर. २०२१ मध्ये मुंबई विद्यापीठालाही ३.६५ मिळाले होते. पण हा ग्रेड अख्ख्या संस्थेचा असतो, तुझ्या ब्रँचचा नाही, आणि कुठल्या वर्षी मिळाला तेही बघायचं. ब्रँचसाठी एनबीए, म्हणजे एकेका कोर्सची वेगळी मान्यता, असते, कॉम्प्युटरला ती आहे का आणि मुदत संपलीय का ते वेबसाइटवर सापडतं.

आणि एनआयआरएफ, केंद्र सरकारचं कॉलेजांचं रँकिंग. रँक विसर, रँकच्या मागचा कागद वाच. इंजिनिअरिंगच्या रँकिंगमध्ये शिकवणं आणि साधनं यांना ३० टक्के, संशोधनाला ३०, मुलं पास होऊन पुढे कुठे जातात याला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला फक्त १०. गंमत आहे ना, आपण घरी बसून शंभरच्या शंभर टक्के मार्क त्या शेवटच्या दहावरच देतो. भाग घेणाऱ्या कॉलेजला भरलेली माहिती वेबसाइटवर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये शिक्षकांची यादी असते, किती मुलं प्लेस झाली, किती पुढे शिकायला गेली आणि पगाराची मीडियन किती, सगळं असतं. मीडियन म्हणजे मधल्या पोराचा पगार. बॅनरवरचं "हायेस्ट पॅकेज" एका पोराचं असतं आणि तो पोरगा तू असशील असं नाही रे. माहिती कॉलेजनेच भरलेली असते हे लक्षात ठेवून वाच, तरी बॅनरपेक्षा बरी.

पैशाचं एक सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. कॅपमधल्या खासगी कॉलेजांची फी राज्याचं फी नियामक प्राधिकरण ठरवतं, डीम्डला ते लागू नाही. शासनाच्या फी सवलतीच्या योजना डीम्डला मिळतात का, हे फॉर्म भरायच्या आधी विचार, नंतर नाही. माझं मत कॅपचं सीट, अर्थात कॉम्प्युटरच मिळत असेल आणि वरच्या पीडीएफमध्ये शिक्षक दर वर्षी बदलताना दिसत नसतील तर.

प्रश्न : मी ऐरोलीचा, वय ७४. आमच्या काळात एल्फिन्स्टन म्हटलं की माणसं उठून उभी राहायची. नातवाला म्हटलं तिथे अर्ज कर, तर म्हणतो आजोबा, त्याला आता कोण विचारतं. असं कसं झालं?

उत्तर : आजोबा, नातू जरा जास्तच बोलला. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, गोखले, बाबासाहेब, सगळे एल्फिन्स्टनचे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे सुरुवातीला विद्यापीठ फक्त परीक्षा घेणार आणि पदवी देणार, शिकवणार कॉलेजं. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत रानडे आणि भांडारकर होते. त्या काळी बोटांवर मोजण्याइतकी कॉलेजं, त्यामुळे एल्फिन्स्टनचं नाव आणि विद्यापीठाचं नाव लोकांच्या डोक्यात एकच. नंतर विद्यापीठाने स्वतःचे विभाग काढले, समाजशास्त्राचा १९१९ चा, देशातला पहिला. मग पवईला आयआयटी आली १९५८ मध्ये, हुशार पोरं सायन्स-इंजिनिअरिंगकडे वळली. कॉलेज कुठे पडलं नाही, त्याच्या भोवती बाकीचं उभं राहिलं.

शिवाय तुम्हाला कदाचित माहीत नसेल, एल्फिन्स्टन आता मुंबई विद्यापीठात नाही. २०१९ पासून सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स वगैरे मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालंय, पदवी त्याची. त्यामुळे तिथे आर्ट्स, सायन्स, कॉमर्स तिन्ही एका विद्यापीठाखाली आलेत, आणि सरकारी असल्याने फी कमी. नातवाला सांगा, लोक विचारतात की नाही ते सोड, फी बघ आणि विषय बघ, मग नाही म्हण. ऐरोलीहून काळा घोडा लांब पडतं हे त्याचं कारण असेल तर ते मात्र मी मान्य करेन.

प्रश्न : मुलगा एमएससाठी अमेरिकेत अर्ज करतोय. शेजारी म्हणाले प्रिन्स्टनला मेडिकल कॉलेजसुद्धा नाही, मग ते एवढं वर कसं? मोठी स्टेट युनिव्हर्सिटी बरी नाही का, तिथे सगळंच असतं. – खारघर

उत्तर : शेजाऱ्यांची माहिती बरोबर आहे. प्रिन्स्टनला मेडिकल नाही, लॉ स्कूल नाही, बिझनेस स्कूलही नाही. तरी गणित-फिजिक्समध्ये त्यांच्या तोडीची ठिकाणं जगात मोजकी. उलट एमआयटी म्हटलं की आपल्याला मशीन आठवतात, पण भाषाशास्त्रातलं फार मोठं काम तिथे झालंय, चॉम्स्की तिथलेच. पदवीला जाणाऱ्या मुलाने रुंदी बघावी, कारण तिथे मेजर पक्कं करायला साधारण दुसऱ्या वर्षापर्यंत वेळ मिळतो. एमएसचं तसं नाही, दीड-दोन वर्षांत कोर्स संपतो, कॅम्पसवर शंभर डिपार्टमेंट असली तरी तो एकातच बसणार. त्याच्या विषयात तिथले कोण प्राध्यापक काम करतायत, त्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर वाचलेस का, एवढं मुलाला विचारा. वाचले नसतील तर युनिव्हर्सिटींची यादी आत्ता करू नका, अर्जाची फी प्रत्येक ठिकाणी डॉलरमध्ये जाते.