सासऱ्यांना खूप कमी ऐकू येतं. खुब्याच्या ऑपरेशनसाठी नागपुरात भरती करायचंय, रात्री कोणाला थांबू देत नाहीत. सिस्टरांना काय सांगून ठेवू? आणि कानाचं नवीन मशीन कोणतं घ्यावं?

ताई, प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की दवाखान्यात हरवेल म्हणून जुनं मशीन घरीच ठेवणार आहात. असं बिलकुल करू नका. चष्मा, कवळी, कानाचं मशीन सगळं पिशवीत घालून घरचे लोक निघून जातात, आणि मग सकाळी आम्हालाच विचारतात, बाबा असे काय वागतायत?

मी नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात बरीच वर्षं हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते. तिथलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. एक बाबाजी होते, आयुष्यभर मिलच्या विणाई खात्यात काम केलेले. मागांच्या खडखडाटानं कान आधीच गेलेले, त्यात वय. खुब्याचं ऑपरेशन होऊन गेलेलं. मी रात्रपाळीला आले तर त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधलेले. फाइलवर डॉक्टरांनी लिहिलेलं : कन्फ्यूज्ड, नॉन-कोऑपरेटिव्ह. हँडओव्हर देणारी पोरगी म्हणाली, "ताई, आजची तारीख विचारली तर म्हणतात, बारीकच आहो जी मी, पहिलेपासून." आणि हसली.

मला हसू आलं नाही. वयानं कान जातो तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त, ख ही व्यंजनं उडतात, स्वर तेवढे पोचतात. 'तारीख'मधला त आणि ख काढा, काय उरतं बघा. माणसानं उरलेल्या आवाजातून बरोब्बर अंदाज बांधला होता, आणि आम्ही त्याला भ्रमिष्ट ठरवून मोकळे.

त्यात मे महिना. पलंगाशेजारी लोखंडी कूलर घरघरत होता. विचारणाऱ्यांच्या तोंडाला मास्क, उजेड त्यांच्या पाठीमागून. मी कूलर बंद केला, दिवा लावला, मास्क खाली केला. मशीन घरी होतं, म्हणून माझा स्टेथोस्कोप बाबाजींच्या कानात घातला आणि चकतीपाशी तोंड नेऊन हळू आवाजात तारीख विचारली. त्यांनी तारीख सांगितली, वार सांगितला, आणि वर मला विचारलं, "हात काहून बांधले जी माहे? लघवीले लागली होती मले." हात सोडले, भांडं दिलं, झोपले. झोपेचं इंजेक्शनही लिहून ठेवलं होतं. ते मी दिलं नाही, फोन करून कळवलं आणि तसं फाइलवर नोंदवलं.

सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, एवढ्या पेशंटमागे तुम्ही दोघी. प्रत्येकाच्या कानात बोलत बसणार का?" तेव्हा वॉर्डात सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, इथे बोलते. पट्टी शोधून गाठी मारायला वेळ होता ना? मग कूलरचं बटण दाबायला का नव्हता? ऐकू येतंय की नाही हे न बघता कोणाच्याही फाइलवर कन्फ्यूज्ड लिहिणं हा आळस आहे. म्हाताऱ्या माणसाला गुंगीचं औषध दिलं की तो खरोखरच भ्रमात जाऊ शकतो, मग लिहिलेलं आपोआप खरं ठरतं.

तुमच्याकडे येते. फाइलच्या पहिल्या पानावर आणि पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात कागद लावा : ऐकू कमी येतं, अमुक कानाच्या बाजूनं, समोर येऊन बोला. ओरडू नका हेही लिहा. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं नाही, आणि चेहरा रागावलेला दिसतो. मशीन डबीत, डबीवर नाव. भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, ऑपरेशनच्या टेबलापर्यंत मशीन कानात राहू द्याल का आणि शुद्धीवर आल्याबरोबर परत लावाल का. एमआरआय असेल तर आधी काढायचं. सेलचं स्टिकर वापरायच्या वेळीच काढा, कारण हवा लागली की सेल उतरायला लागतो. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवायचं. चष्मा द्याच, ओठ दिसल्याशिवाय अर्धं कळत नाही. आणि "समजलं का?" असं कोणालाही विचारू देऊ नका. कमी ऐकू येणारा माणूस लाजेपोटी हो म्हणतो. काय समजलं ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

'नवऱ्याचं बरोबर ऐकू येतं, माझंच येत नाही' असंही तुम्ही लिहिलंय. तुमचा आवाज बारीक असणार, त्यांचा जाड. तुम्ही मिक्सर सुरू असताना स्वयंपाकघरातून हाक मारत असाल, ते समोर बसून बोलत असतील. सासऱ्यांचा तुमच्यावर काही राग नाही.

आता हेही ऐका. खुब्याच्या ऑपरेशननंतर कान ठणठणीत असलेले म्हातारेही रात्री खरोखर भ्रमात जातात. सकाळी नीट, संध्याकाळी गुंगीत, मधेच भलतंच बोलणं, असं खालीवर होत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, कानावर ढकलू नका. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कानाचा डॉक्टर. अमिकासिन, जेंटामायसिन ही इंजेक्शनं कानाला अपाय करू शकतात, ती देणार असतील तर आधीच कमी ऐकू येतं हे आठवण करून सांगा. भरतीआधी कानातला मळ तपासून घ्या. काडी, लसणाचं तेल वगैरे घालू नका.

नवीन मशीनचं म्हणाल तर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, झाल्याशिवाय कोणतं घ्यावं हे मी काय, कोणीच सांगू नये. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत कान-नाक-घशाच्या ओपीडीत विचारा. उत्पन्न कमी असेल तर 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, त्यात साठीच्या पुढच्यांना मशीन फुकट मिळतं. पण हे सगळं ऑपरेशननंतर, घरी आल्यावर. नव्या मशीनची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि वॉर्डात ती करून द्यायला कोणालाच सवड नसते. हे मात्र डॉक्टरांचं खरं होतं.