आपल्या संगणकात नेमकी कोणती आवृत्ती आहे?

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षिका आहे. २०१९ साली घेतलेल्या संगणकावर मी निवृत्तिवेतनाचे खाते पाहते, वीजबिल भरते आणि परदेशी असलेल्या मुलीशी बोलते. ‘विंडोज १० आता सुरक्षित राहिलेले नाही’ असे मुलगी म्हणते. दुकानदार मात्र सांगतो की अँटिव्हायरस टाकलेला आहे, काळजीचे कारण नाही. माझ्या संगणकात काय आहे हे मी स्वतः कसे पाहावे आणि पुढे काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते पडताळून पाहण्यासाठी आपल्याला दुकानदाराची गरज नाही. कळफलकावरील विंडोजची खूण असलेली कळ दाबून ठेवून ‘आर’ दाबा, उघडलेल्या छोट्या चौकटीत रोमन लिपीत ‘विनव्हर’ (डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर) लिहा आणि एंटर दाबा. जी खिडकी उघडेल तिच्या वरच्या भागातील मोठे नाव सोडून द्या. त्याखालच्या बारीक अक्षरांतील ओळ कागदावर जशीच्या तशी उतरवून घ्या.

त्या ओळीत आवृत्ती आणि बिल्ड (त्या आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक) असे दोन आकडे असतात. विंडोज १० ची अखेरची आवृत्ती २२एच२ असून तिचा बिल्ड क्रमांक १९०४५ आहे. बिल्ड २२००० किंवा त्याहून मोठा असेल तर ते विंडोज ११ समजावे. या क्रमांकानंतर टिंब देऊन आणखी एक आकडा असतो, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच, कारण दर महिन्याच्या सुरक्षा-अपडेटबरोबर तो वाढत जातो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सर्वांना मिळणारी सुरक्षा-अपडेट, थांबवला. त्या दिवशीच्या अपडेटनंतर हा आकडा ६४५६ होतो. आपल्याकडे तो याहून लहान दिसला, तर सर्वांना मिळालेले ते अपडेटसुद्धा आपल्या संगणकापर्यंत पोहोचलेले नाही.

अँटिव्हायरसबद्दलचा गैरसमज मात्र मला फार सलतो, कारण जपून वागणारी माणसेही त्यापायी निर्धास्त राहतात. अँटिव्हायरस मुख्यतः घातक फाइली आणि संशयास्पद हालचाली ओळखतो. विंडोजच्या स्वतःच्या रचनेत राहिलेली त्रुटी तो बुजवू शकत नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज कोलमडले, तेव्हा त्याने वापरलेल्या त्रुटीवरचे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. कोणी काही उघडले नाही, कशावर क्लिक केले नाही, तरीही ते अपडेट नसलेले संगणक नेटवर्कवरून एकापाठोपाठ एक बाधित होत गेले.

आता पुढचे. आवृत्ती २२एच२ असेल, तर सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर विस्तारित सुरक्षा-अपडेटसाठी नोंदणीचा पर्याय दिसतो का ते पाहा. घरगुती वापरकर्त्यांसाठी ही योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर झाली, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. आवृत्ती त्याआधीची असेल, तर प्रथम २२एच२ वर यावे लागेल.

ही सोय तात्पुरतीच असल्याने संगणक विंडोज ११ पेलतो का, हेही तपासून घ्या. त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणूक, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. २०१९ चा आपला संगणक या निकषात बसण्याची बरीच शक्यता आहे. कित्येकदा ही चिप असते, पण बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेली असते. तेवढे चालू करण्याचे काम दुकानदाराकडून करून घ्यावे. त्याआधी छायाचित्रे आणि कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. काम झाल्यावर ‘विनव्हर’ पुन्हा उघडा आणि कागदावरच्या जुन्या ओळीशी नवी ओळ ताडून पाहूनच त्याचे पैसे द्या.